उघाडीचे सर

सरांच्या गाडीला हॉर्न नव्हता. कंपनीनं दिलेला होता, पण त्याची वायर त्यांनी स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. आरटीओच्या टेस्टच्या दिवशी ती तेवढ्यापुरती जोडायची आणि परत आल्यावर सोडायची, हा त्यांचा नेम. नवीन पनवेलच्या रस्त्यांवर बिनहॉर्नची गाडी शिकणं म्हणजे काय, ते मी भोगलं आहे. समोर गाय बसलेली असे, रिक्षा आडवी लावलेली असे, भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या काकू निम्म्या रस्त्यात उभ्या असत, आणि सर शेजारच्या सीटवर शांत.

"थांब. त्यांचं होऊ दे."

"सर, मागचे ओरडतायत."

"ओरडू दे. हॉर्न म्हंजे शिवी. शिवी दिल्याबिगर ज्याला पुढं जाता येत नाय, त्यानं चालत जावं."

हाच माणूस संध्याकाळी माइक हातात घेऊन गायला लागला की कामोठ्यातल्या बिल्डिंगांच्या खिडक्या उघडायच्या. काही ऐकायला, काही शिव्या द्यायला.

आमची ओळख त्या गाडीतच झाली. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत गाडी शिकून घे, असं बाबांनी फर्मान काढलं आणि मला सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. स्कूल म्हणजे एक गाळा, एक गाडी आणि सर. चाळिशी ओलांडलेले, सावळे, दणकट, पांढरा शर्ट, पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट. दोन दिवस ते माझ्या पायांकडे बघत होते, कारण शिकवणारे तिकडेच बघतात. तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं.

"स्टेरिंगवर बोटं काय नाचवतेस?"

मी ओशाळले. "सवय आहे सर. बेस गिटार वाजवते."

"बँड हाय?"

"होता. बाकीचे पुण्याला गेले शिकायला."

सरांनी आरशात मागं बघितलं. मग म्हणाले, "पुढून डावीकडं घे."

ती डावी आमच्या रोजच्या रस्त्याची नव्हती. ती खाडीकडं, त्यांच्या गावाकडं जात होती. गावाच्या टोकाला बंद पडलेली भातगिरणी होती. तिथं नेऊन त्यांनी माझ्याकडून गाडी रिव्हर्समध्ये लावून घेतली, आत नेलं आणि कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली ड्रमसेट, दोन अँप्लिफायर आणि एक लाल गिटार. मी बघतच राहिले. सरांनी बूट काढले, मोजे काढले, भिंतीपाशी नीट जोडून ठेवले आणि अनवाणी उभे राहून गिटार गळ्यात घातली. त्या दिवशी माझा ड्रायव्हिंगचा तास तीन तास चालला. बाबांना वाटलं, माणूस प्रामाणिक आहे.

रॉक संगीत त्यांच्याकडं आलं ते मस्कतहून. तरुणपणी ते तिथं एका हॉटेलची गाडी चालवायला होते. खोलीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक फिलिपिनो होता, हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणारा. त्याला मराठी येत नव्हतं, यांना इंग्रजी. "मंग काय बोलनार? त्यानं मना गिटार शिकवली, मी त्याला बोंबलाची चटनी." एवढंच ते सांगायचे. त्या माणसाचं नाव विचारलं की म्हणायचे, "मना नाव सांगितलेलं त्यानं, पन मी त्याला पावना म्हनायचो." परत येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. सर ती लाल गिटार घेऊन आले. घरच्यांनी ती कित्येक दिवस बाहेरच्या पडवीत ठेवायला लावली होती, असं त्यांची वहिनी सांगायची.

वर्षानुवर्षं डाव्या सीटवर बसून शिकवल्यामुळं त्यांना समोर बघून बोलताच येत नसे. बोलायचं म्हटलं की मान उजवीकडं वळायची. स्टेजवरही तेच. ते डाव्या टोकाला उभे राहायचे आणि उजवीकडं, आमच्याकडं तोंड करून गायचे. प्रेक्षकांना दिसायचा तो अर्धा चेहरा. त्यांचे जेवढे फोटो पेपरात आले, त्या सगळ्यांत त्यांना एकच डोळा आणि एकच कान आहे. एसटीत बसले तरी ड्रायव्हरनं वेग घेतला की यांचा पाय फरशीवर ब्रेक शोधायचा.

आणि "अर्धा क्लच" हा त्यांचा शब्द. लग्न करू की नको करत बसलेला भाचा अर्ध्या क्लचवर. दोन पक्षांच्या कार्यालयात चहा पिणारा पुढारी अर्ध्या क्लचवर. स्वतः त्यांनी लग्न केलं नाही. मी एकदा धीर करून कारण विचारलं, तर म्हणाले, "माजी गाडी न्यूट्रललाच राहिली, बाय."

आमचा बँड चार जणांचा झाला. सर, मी, ड्रमवर इम्रान आणि लीड गिटारवर जयेश. इम्रानच्या वडलांचं पनवेलला टायरचं दुकान होतं, जयेश कामोठ्याला क्लासमध्ये गणित शिकवायचा. बँडचं नाव सरांनी ठेवलं: उघाडी. खाडीकाठच्या खारजमिनीला समुद्र आत येऊ नये म्हणून मातीचा बांध असतो, आणि त्या बांधात एक लाकडी फळ्यांचं दार असतं. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीचं पाणी आत घ्यायचं नाही, हे त्या दाराचं काम. त्याला उघाडी म्हणतात. "गानं पन तसंच पायजे," सर म्हणाले. "आतलं बाहेर सोडनारं."

आम्ही गणपतीत वाजवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं. लोक टाळ्या वाजवून घरी जायचे. मग जमिनींचं प्रकरण पेटलं.

खाडीकाठच्या गावांच्या जमिनी मोठ्या प्रकल्पासाठी घेणार, अशी नोटीस आली. कुणी म्हणे बंदराचं काम, कुणी म्हणे कारखाने, कुणी म्हणे अख्खं नवं शहर. गावोगाव समित्या झाल्या, मोर्चे निघाले, रस्ते अडले, लोकांवर लाठ्या पडल्या. सरकार म्हणत होतं की संमतीपत्रावर सही-अंगठा करा, चांगला भाव देऊ. समिती म्हणत होती, एकानंही सही करायची नाही. सरांच्या गावच्या समितीचे अध्यक्ष भातगिरणीत आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या या धडधडीचा काय उपेग व्हईल का आमाला?"

गाणं तयार झालं ते गाडीत. माझा कोर्स कधीच संपला होता, पण तालमीला जाताना सर मलाच चालवायला लावायचे. मी आता बऱ्यापैकी चालवत होते, सर बोटांनी डॅशबोर्ड वाजवत होते. पहिल्या कडव्यांत गावच्या खारींची नावं होती, मधली खार, मोठी खार, बामनाची खार. ती सुंदर होती आणि त्यांच्यानं काही होत नव्हतं. मग अचानक सर म्हणाले, "थांब." मी थांबले. ते उजवीकडं वळून माझ्याकडं बघत म्हणाले,

"ज्याच्या बोटाला शाई, त्याच्या घरचं पानी नाय!"

संध्याकाळी इम्राननं "नाय"च्या नंतर दोन ठोके टाकले, धप् धप्, आणि आम्हां सगळ्यांच्या अंगावर काटा आला. गाण्याला लागणारी गोष्ट सापडली होती.

पुढं जे झालं ते आम्हांला कुणालाच झेपणारं नव्हतं. मोर्चात हजारो माणसं ती ओळ म्हणायची आणि दोनदा पाय आपटायची. धूळ उडायची. मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात ते गाणं भरून मिळायला लागलं, ब्लूटूथवरून ते उरणपर्यंत गेलं, पेणपर्यंत गेलं. चॅनेलवाले भातगिरणीत आले. रिक्षावाले माझ्याकडून पैसे घेईनात. बेलापूरच्या सरकारी कचेरीवरच्या मोर्चाला आम्ही ट्रकवर उभे राहून वाजवलं. मी खाली बघितलं तर माणसांना शेवट नव्हता. सर मात्र नेहमीसारखे आमच्याकडं तोंड करून गात होते. एवढा समुद्र त्यांच्या डाव्या कानाशी उसळत होता आणि त्यांनी एकदाही तिकडं बघितलं नाही.

मग बाळारामकाकांनी सही केली.

बाळारामकाका सरांचे शेजारी आणि लहानपणापासूनचे दोस्त. बारीक चणीचे, कमी बोलणारे. भातगिरणीच्या मागंच त्यांचं घर, त्यामुळं आमच्या तालमीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांना, आणि सगळ्यात जास्त चहाही त्यांच्याच घरचा. सही केल्याचं गावात कळलं त्या दिवसापासून तो चहा थांबला, कारण त्यांच्या घरचं पाणी पिणं गावानं बंद केलं. कुणी ठराव केला नव्हता. गाण्यातच सांगितलं होतं ना. दुकानदार त्यांना जिन्नस द्यायचा, पण बोलायचा नाही. पोरं बाइकवरून जाताना त्यांच्या दाराशी थांबून ती ओळ म्हणायची आणि दोनदा पाय आपटून पुढं जायची.

सर त्या दिवसांत गाडीत एक शब्द बोलत नसत. मी चुकीच्या गिअरमध्ये गाडी रेटली तरी बोलत नसत. मला वाटलं, मित्रानं दगा दिल्याचा राग आला असेल.

त्याच महिन्यात बाळारामकाकांच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न होतं. या गावांत लग्नाहून हळद मोठी. मांडव, जेवणावळ, बेंजो पार्टी, अख्खं गाव नाचतं. हळदीच्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला, "सामान घेऊन ये. बालारामच्या मांडवात."

इम्रान आला. जयेश म्हणाला, डोकं फिरलंय का, आणि आला नाही.

मांडव मोठा घातला होता. खुर्च्या मांडलेल्या आणि सगळ्या रिकाम्या. बेंजोवाल्यांनी ऐनवेळी पाठ फिरवली होती. बाजूला भाताची मोठमोठी पातेली झाकून ठेवलेली. दुसऱ्या गावांतून आलेले पाचपंचवीस पाहुणे एका कोपऱ्यात बसले होते, दवाखान्यात बसतात तसे. बाळारामकाका दारात उभे होते. सर समोर गेले तसे म्हणाले,

"कनाला आलास? तुजंच गानं वाजतंय माज्या दारात."

"म्हनूनच आलो," सर म्हणाले. "सही कनाला केलीस, बालाराम? मना सांगून तरी करायची."

बाळारामकाका इतकं सलग बोललेले मी आधी कधी ऐकले नव्हते. आवाज चढवला नाही त्यांनी. "तुमी सगले गानी म्हनताव खारीवर. खारीत हाय कोन? तू गारी शिकवतोस, तुजा भाऊ कंपनीत, अध्यक्षाचा वीटभट्टीचा धंदा. बांध फुटला की मी एकटा माती टाकतो. गेल्या साली तीनदा खारं पानी आत आलं. हाका मारल्या, कोन आला? उघाडीची फली शेवटची कवा लावलीस रं तू? बँडचं नाव ठेवलंस. फली कवा लावलीस?"

सर उभे होते. मान उजवीकडं वळलेली नव्हती, पहिल्यांदाच मी त्यांना कुणाकडं सरळ समोर बघताना बघत होते.

"लय वर्षं झाली," ते म्हणाले.

"मंग मी थकलो. म्हनून केली सही. दुसरं काय नाय."

तेवढ्यात प्रणाली आतून आली. अंगावर पिवळी साडी, हातात तांब्या आणि पेला. पाहुणा दाराशी आला की पाणी आणायचं, ही सवय तिच्या अंगवळणी पडलेली होती. उंबऱ्यापर्यंत आली आणि मग तिच्या लक्षात आलं, आणि ती तशीच अवघडून उभी राहिली. पुढं यावं की मागं जावं, तिला कळेना.

सर बूट काढून उंबऱ्याशी गेले. पेला घेतला, पाणी प्यायले. "अजून दे, बाय," म्हणाले. दुसरा पेला प्यायले. कुंपणापलीकडं पोरं जमली होती, त्यांनी बघितलं. सरांनी त्यांच्याकडं पाठही केली नाही आणि त्यांना काही दाखवायचाही प्रयत्न केला नाही. तहान लागलेला माणूस पितो तसे प्यायले. मग मी प्यायले, इम्रान प्यायला.

मग आम्ही वाजवलं. प्रणालीच्या आत्यानं हळदीची गाणी म्हटली आणि सरांनी लाल गिटार इतकी हळू वाजवली की आत्याचा आवाज वर राहावा. सगळं गाव काही आलं नाही. अंधार पडायच्या आत मागच्या दारानं शेजारच्या चार-पाच म्हाताऱ्या आल्या, प्रणालीला हळद लावली, जेवल्या आणि मागच्याच दारानं गेल्या. पातेल्यांतला बराचसा भात तसाच राहिला. तरी प्रणाली नाचली. तिचा तो नाच मला अजून दिसतो. एवढ्या मोठ्या मांडवात एकटी मुलगी आणि तिची आत्या.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष भातगिरणीत आले. चिडलेले होते, पण सरांचा मान राखून बोलत होते. "सर, तुमी गावात फूट पारताव."

"ती एक ओल काढतो," सर म्हणाले. "बाकीचं गानं तुमचंच हाय. म्हनाल तिथं म्हनतो."

"त्या ओलीवरच तं लोक पाय आपटतान. ती काढली तं राहिलं काय?"

अध्यक्ष गेल्यावर सर आम्हांला म्हणाले, "खरं बोलला तो. ते गानं मी बेलापूरच्या सायबांसाठी लिवलं व्हतं. ते जाऊन लागलं बालारामला. सायबाच्या घरी पानी प्यायला जातंय कोन?"

जयेश आणि सरांचं त्या दिवशी वाजलं. जयेश म्हणाला, "सर, हजारो लोकांच्या लढ्यापुढं तुम्हाला एका माणसाचं पडलंय?" तो दुष्ट नव्हता. त्यानंही लाठ्या खाल्ल्या होत्या. सर म्हणाले, "मना त्या एकाचा पत्ता म्हाईत हाय." उघाडी तिथं संपली. जयेशनं समितीच्या मदतीनं नवा गायक आणला, नव्या बँडनं तेच गाणं म्हटलं, आणि खरं सांगायचं तर आमच्याहून चांगलं म्हटलं.

सर मोर्चांना जायचे थांबले नाहीत. सगळ्यांच्या मागं, अनवाणी, चालत जायचे. ती ओळ आली की गप्प राहायचे, पुढच्या ओळीला परत म्हणायला लागायचे. लोक त्यांच्या तोंडाकडं बघायचे. कुणीतरी एके दिवशी त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर खिळ्यानं "शाई" असं कोरलं. शिकायला येणारी गावची पोरं बंद झाली. सरांनी बॉनेट रंगवलं नाही. नव्या शिकणाऱ्यानं विचारलं की शांतपणे सांगायचे, "आमच्या गावचं हाय ते. तू आरशात बघ."

पुढं ते आंदोलन मिटलं, जशी आंदोलनं मिटतात तसं. भाव वाढला, थोडे भूखंड परत मिळायचं ठरलं, आणि एकेक करत सगळ्यांनी सह्या केल्या. अध्यक्षांनी केली. सरांनीही भावासोबत जाऊन केली. मग गावात गाड्या आल्या. ज्याच्या त्याच्या दारात पांढरी मोठी गाडी, आणि चालवता कुणालाच येईना. सगळं गाव सरांच्या दारात. त्यांना दुसरी गाडी घ्यावी लागली, हाताखाली दोन माणसं ठेवावी लागली. अध्यक्षही आले शिकायला. मी तोवर नोकरीसाठी पुण्याला गेले होते, फोनवर हे ऐकून मला हसू आवरेना. मी विचारलं, "सर, अध्यक्षांना काय शिकवलंत?"

"तेच. थांबायला. लय अवघड जातं त्याला."

त्यांना शेवटचं मी भेटले तेव्हा मधे बरीच वर्षं गेली होती. आईबाबांकडं आले होते. सरांनी फोन करून बोलावलं, "मॅच बघायला ये." भराव टाकून सपाट केलेल्या जमिनीवर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होती. मंडप, कॉमेंट्री, माणसाहून उंच स्पीकर. अध्यक्षांचा मुलगा आयोजक. सर म्हातारे झाले होते, केस पांढरे, बूट मात्र तसेच चकचकीत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बाळारामकाका. प्रणालीचा मुलगा खेळत होता, चौदा-पंधरा वर्षांचा, हडकुळा, डावखुरा.

त्यानं सिक्स मारला. चेंडू मंडपावरून गेला. आणि स्पीकरमधून, कुणीतरी जोरकस बीट घालून नव्यानं केलेली, ती ओळ आली, "ज्याच्या बोटाला शाई..." पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि दोनदा पाय आपटले. प्रत्येक सिक्सला तीच वाजत होती. ती पोरं त्या दिवसांत जन्मली तरी होती की नाही, कुणास ठाऊक. आणि ज्यांचा जन्म झाला होता, ज्या सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, तेही खुर्च्यांवर बसून पाय आपटत होते, हसत होते. मी सरांकडं बघितलं. सर बाळारामकाकांकडं बघत होते. काका नातवासाठी टाळ्या वाजवत होते.

"चाल अजून जोरात लागते," काका म्हणाले.

"शब्द कोन आयकत नाय आता," सर म्हणाले.

"पोरं नाय आयकत."

"आनि तू?"

काकांच्या टाळ्या थांबल्या. पलीकडं गोलंदाज परत धावायला लागला होता. "मी आयकतो," ते म्हणाले. "दर टायमाला."

प्रणालीच्या मुलानं पुढचा चेंडूही उचलला. तो वर गेला, सगळं मैदान उभं राहिलं, आणि चेंडू खाली यायच्या आत सरांनी आपले दोन्ही तळवे बाळारामकाकांच्या कानांवर घट्ट ठेवले. भर मंडपात, सगळ्यांच्या देखत. बाळारामकाका आधी हसले. मग त्यांचं हसू थांबलं, पण सरांचे हात त्यांनी बाजूला केले नाहीत.